गळती नाही आणि सापडली नाही

टायर फुटला की ते सगळ्या रस्त्याला कळतं. पंक्चर झालं की ड्रायव्हरला कळतं. पण टायरमधून हवा हळूहळू जात असेल तर ते कुणालाच कळत नाही. सकाळी गाडी सुटताना टायर ठणठणीत असतो, दुपारी थोडा बसलेला दिसतो. ड्रायव्हर हवा भरतो आणि पुढे जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या खान्देशात त्याला एक छान शब्द आहे. लोक म्हणतात, ‘टायर हवा खास.’ म्हणजे टायर हवा खातो. आपण हवा खायला बाहेर पडतो, टायर घरबसल्या खातो.

हे हवाखाऊ टायर शोधून काढण्यात माझी हयात गेली. धुळ्याच्या बाहेर, जिथे सुरतेकडून येणारा रस्ता आणि मुंबई-आग्रा रस्ता जवळ येतात, तिथे माझं टायरचं दुकान होतं. आता ते भाचा बघतो, मी खुर्ची टाकून बसतो आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देतो.

आम्ही मूळचे धरणगावचे पिंजारी. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. त्यांच्या धनुकलीची तात जराशी ढिली झाली तरी घरात दुसरीकडे बसून त्यांना ऐकू यायचं. पुढे तयार गाद्या आल्या आणि धनुकली खुंटीला लागली ती कायमची. पण तो कान मात्र माझ्याकडे आला असं मी समजत होतो. ट्रेलरच्या बावीस टायरांतला कुठला सुस्कारतोय ते मी इंजिन बंद झाल्याबरोबर सांगायचो. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या आवडण्यातूनच झालं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हवा जायला वाटा चारच. पहिली व्हॉल्व्हची. तिथे बोटाने थुंकी लावायची, बुडबुडा आला की झालं. हा तपास घाणेरडा आहे पण इतका खात्रीचा तपास दुसरा मी पाहिलेला नाही. दुसरी वाट खुद्द टायरमधून, खिळा, काटा, तारेचा तुकडा. तिसरी टायरची कड जिथे रिमवर बसते तिथून. आणि चौथी रिममधून. रिम म्हणजे लोखंडी चाक. लोखंडातून हवा जाते हे लोकांना पटत नाही. बरेच दिवस मलाही फारसं पटत नव्हतं.

शिवाय एक पाचवी वाट आहे, ती ड्रायव्हरच्या डोक्यातून जाते. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत असेल. एक गृहस्थ भर दुपारी, तापलेल्या टायरांत मोजून हवा भरून घ्यायचे आणि पहाटे थंड टायराला हवा मोजायचा काटा लावून माझ्या नावाने बोंब मारायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी त्यांना पहाटे बोलावलं, हवा भरली आणि दुपारी पुन्हा काटा लावला. हवा वाढलेली. ते गंभीरपणे म्हणाले, “म्हणजे आता टायर हवा तयार करायला लागला?” मी हो म्हटलं. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

धरणगावच्या बाजूचे एक आबा कापसाच्या ट्रॉलीचं चाक रिक्षात घालून घेऊन आले. चाक हवा खातं म्हणाले. मी हौदात बुडवलं, फिरवलं, एक बुडबुडा नाही. आबा चाक घेऊन परत गेले आणि आठ दिवसांनी पुन्हा हजर, पुन्हा रिक्षात. मी म्हटलं, “आबा, ट्रॉलीच आणा ना.” आबा म्हणाले, “ट्रॉलीले काय व्हयेल शे? ती तर बरी शे.” शेवटी ट्रॉली आली. भरलेली ट्रॉली मी दहा पावलं पुढे न्यायला लावली आणि आडवा होऊन चाकाला कान लावला. बाभळीचा काटा होता. चाक उभं असताना काटाच भोकाला बूच होऊन बसायचा, चाक चालू लागलं की तोच काटा हलायचा आणि हवा सोडायचा. चोर आणि पहारेकरी एकच. हा किस्सा मी शंभर जणांना ऐकवला असेल. चाक मोकळं असताना जे दिसत नाही ते ओझ्याखाली दिसतं, असं वर उपदेशही करायचो. तो स्वतःला करायचा राहिला.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगितली पाहिजे. दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, झेंडूच्या माळा लागतात, लिंबू चाकाखाली जातं. माझ्या दुकानातर्फे नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या रिमना त्याआधी चंदेरी रंग फुकट मारला जायचा. वडिलांनी पिंजलेली गादी देताना वर एक उशी फुकट द्यायची सवय ठेवली होती, त्यातलाच प्रकार. नवरात्र लागलं की दुकानासमोर ट्रेलरची रांग लागायची आणि आम्ही ब्रश घेऊन भिडायचो. रंगवलेल्या गाड्या रस्त्याला लागल्या की मला फार बरं वाटायचं. जुना रंग खरवडायला वेळ नसायचा. त्याच्यावरच नवा हात फिरवायचो. वर्षानुवर्षं थरावर थर बसलेले.

या रांगेत धुळ्याच्या एका शेठचा ट्रेलर असायचा. त्यावर सुपडू नाना ड्रायव्हर होते. सुपडू हे नाव बाहेरच्या लोकांना गमतीचं वाटतं. पोरं जगत नसली की पुढच्या पोराला सुपात घालतात आणि नाव सुपडू ठेवतात. तर हे सुपातले नाना तीस वर्षं ट्रेलर चालवत होते, आणि माझ्या माहितीतले ते एकच ड्रायव्हर, जे गाडी कुठेही थांबली की आधी टॉमी घेऊन उतरायचे आणि एकेक टायर ठोकून बघायचे. टॉमी म्हणजे चाकाचे नट खोलायची लोखंडी पहार. भरलेला टायर टणकन बोलतो, बसलेला धप्प करतो. जोडीतला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो ठोकूनच बघावा लागतो. बाकीचे ड्रायव्हर आधी चहा शोधतात.

त्या वर्षी दिवाळी उलटली आणि नाना दुकानात आले. “रमजान, मागला डावा, आतला. हवा खास रे. बठ्ठा टायर ठोकी-ठोकी दखस मी. बठ्ठा बोलतस, हाऊ एकच मुका शे.” सगळे टायर ठोकले की बोलतात, हा एकच मुका, असं त्यांचं म्हणणं.

गाडी लोखंडी गज भरून धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याला जायची आणि रिकामी परत यायची. टायर बसायचा तो साक्रीजवळ. दर वेळी साक्रीजवळच. मी व्हॉल्व्ह बदलला. पुढच्या खेपेला टायर बदलला. तरी साक्रीला धप्प. प्रत्येक वेळी गाडी तिथे अर्धा दिवस अडकायची, सुरतेला माल उशिरा पोचायचा.

आता साक्रीच्या अलीकडे रस्त्यालगत एका गावात नानांची मुलगी दिलेली होती. मंगल तिचं नाव. एकुलती एक, बिनआईची. नाना जाता-जाता तिच्या दारात गाडी उभी करायचे, भाकरी खायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि पुढे निघायचे. तीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत त्यांनी स्वतःसाठी एवढीच एक चैन ठेवली होती.

शेठच्या डोक्यात ही दोन टोकं जुळली. ते माझ्याकडे आले. वाईट माणूस नाही, पण संशय आला की तो सगळ्यांना वाटून टाकायची खोड. म्हणाले, “रमजानभाऊ, टायर बरोबर याच्या पोरीच्या दारात कसा बसतो? हा स्वतःच पिन दाबून हवा सोडतो. पाहुणचार पाहिजे, दुसरं काय?”

मी म्हटलं, नाना तसे नाहीत.

“मग तुम्ही बघा. तुमचा शब्द शेवटचा. गळती असेल तर मी नानाची माफी मागतो. नसेल तर नाना घरी.”

माझा शब्द शेवटचा म्हटल्यावर मी फुगलो हे कबूल करतो. चाक काढून घेतलं. व्हॉल्व्हला थुंकी लावली, टायरला साबणाचं पाणी मारलं, कडेने ब्रश फिरवला, हौदात घालून इंच इंच फिरवलं. काही नाही. मग पूर्ण हवा भरून चाक तीन दिवस दुकानात उभं केलं. काटा एक घर हलला नाही. याच्यापेक्षा जास्त तपास कुणी करत नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त चाक मोकळं होतं, त्याच्यावर ओझं नव्हतं. आबांची ट्रॉली मला आठवली नाही.

चौथ्या दिवशी शेठ आले, नाना आले, ट्रान्सपोर्टवाले आणखी दोघं-तिघं चहाच्या निमित्ताने आले. शेठने विचारलं, “काय निघालं?”

मी म्हणालो, “गळती नाही.”

नाना चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. माझ्याजवळ आले आणि पोराला गणित समजवावं तसं हळू म्हणाले, “तू ‘सापडनी नही’ म्हन ना भाऊ. ‘नही शे’ कसाले म्हनस?”

सापडली नाही म्हण, नाही असं का म्हणतोस, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी त्याच्यावर काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, “नाना, मला सापडली नाही म्हणजे नाहीच.” चहा पिणारे हसले. शेठही हसले. नानांनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, टॉमी गाडीत जागच्या जागी ठेवली आणि रस्ता ओलांडून निघून गेले.

पुढे माझ्या शब्दाला पाय फुटले. ‘पोरीकडे जेवायला मिळावं म्हणून टायरची हवा सोडायचा’ हे ट्रान्सपोर्टच्या नाक्यावरून साक्रीच्या आठवडे बाजारात गेलं आणि तिथून मंगलच्या सासरी. सासू भाकरी थापताना ऐकवायची म्हणे, की तुझ्या बापासाठी लोकांच्या गाड्या खोळंबतात. नानांनी मुलीकडे जाणं सोडलं. बापाला येऊ नको म्हणून सांगायची वेळ पोरीवर येऊ नये, म्हणून आपणच गेले नाहीत. धुळ्यात कापसाच्या एका जिनिंगच्या फाटकावर ते राखणदार म्हणून बसायला लागले. मी त्या बाजूने जात असे, पण हात करून पुढे जायचो. मनात म्हणायचो, मी काय खोटं बोललो?

आठ महिने गेले. नवरात्राच्या आधी शेठ पुन्हा दुकानात. नव्या ड्रायव्हरने तोच टायर हवा खातो म्हणून दोनदा बोलून दाखवलं होतं. मधल्या काळात शेठला गज सोडून हलक्या मालाच्या खेपा मिळत होत्या, आता पुन्हा गज लागले होते, पण जळगावच्या बाजूला. टायर बसला तो एरंडोलला, चहा झाल्यावर त्याने ठोकून पाहिला तेव्हा कळलं. शेठ हसत म्हणाले, “याची तर पोरगी पण नाही एरंडोलला. याचं अजून लग्न नाही.”

मी हसलो नाही. धुळ्याहून साक्री जेवढं, जवळपास तेवढंच उलट्या दिशेने एरंडोल. आम्ही सगळे गावाचं नाव बघत बसलो होतो, घड्याळ कुणी बघितलं नव्हतं. भरलेली गाडी तेवढा वेळ चालली की टायर मुका होत होता. नानांना तो साक्रीजवळ कळायचा, कारण पहिल्यांदा ते तिथे थांबायचे आणि थांबले की ठोकून बघायचे. दुसरा कुणी असता तर त्याला सुरतेला कळलं असतं आणि बोलणारा कुणी राहिला नसता.

मी म्हटलं, गाडी भरलेलीच आणा, ते आतलं चाक मी काढणार नाही. गाडी आली. बाहेरचं चाक उतरवून आतल्या रिमपर्यंत हात पोचवला, पत्रा घेतला आणि आठ वर्षांचा चंदेरी रंग खरवडला. माझाच रंग. एकाखाली एक थर निघत होते आणि सगळ्यांत खाली, जिथे रिमचं पात चाकाच्या तबकडीला जोडलेलं असतं त्या सांध्याला लागून, एक तांबूस रेषा निघाली. शिवणीतून सुटलेल्या दोऱ्याएवढी. लोखंडाला चीर गेली की तिच्यातून गंज ओघळतो आणि अशी रेषा दिसते. टायरवाल्याला ती दिसली की पुढे तपासच लागत नाही. मागच्या दसऱ्याला ती रेषा वर आलेली असणार, कारण शेवटच्या थराखालीही तिचा डाग होता. माझ्या हातातल्या ब्रशने ती झाकली होती. सणाचा हात म्हणून.

साबणाचं पाणी सोडलं. मी बारा आकडे मोजले तेव्हा एक बुडबुडा उगवला. मग पुन्हा बारा आकडे, पुन्हा एक. गाडीवर ओझं होतं म्हणून चीर उघडत होती, आणि धावत्या गाडीत ती आणखी फाकत असणार. मोकळ्या चाकावर ती मिटायची आणि वरून रंगाचं झाकण बसायचं.

शेठनी पाहिलं. मग म्हणाले, “रिम बदला.” मी म्हटलं, “आणि माफी?” ते म्हणाले, “झालं ते झालं, रमजानभाऊ. आता कुठे उकरता?” त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी गॅस-कटिंगवाल्याकडून त्या रिमचा चीर असलेला वीतभर तुकडा कापून घेतला आणि पिशवीत घालून जिनिंगच्या फाटकावर गेलो. नाना स्टुलावर बसले होते. कशाला आलो ते त्यांनी विचारलं, “कसाले उना रे?”

मी तुकडा बाहेर काढायला लागलो. त्यांनी हात आडवा धरला.

“माले नको दखाडू. माले तवयच माहीत व्हतं.” मग उठून शबनम पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, “तुना शब्द जठे जठे गया, तठे आते तू चाल.”

जिथे माझा शब्द गेला तिथे मी जायचं. दुसऱ्या माणसाला फाटकावर बसवून नाना माझ्याबरोबर एसटीत बसले. आधी त्यांनी मला ट्रान्सपोर्टच्या नाक्यावर नेलं होतं. तिथे त्या दिवशी चहाला आलेले तेच होते, मी जे सांगायचं ते सांगितलं, त्यांनी तुकडा हातोहात फिरवला आणि विषय बदलला. साक्रीच्या रस्त्याला लागल्यावर नाना खिडकीबाहेर बघत बसले. मधे एकदा एसटीच्या मागच्या चाकाचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघांनीही एकाच वेळी मान वळवली, तेवढंच.

मंगलचं घर रस्त्याला लागून. व्याही ओट्यावर बसले होते. नाना ओट्याखालीच उभे राहिले, वर चढले नाहीत. मी तुकडा व्याह्यांसमोर ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. चीर कुठे होती, ती कशी झाकली गेली, कुणी झाकली. नानांनी हवा कधी सोडली नाही. गळती होती. ती मला सापडली नाही आणि मी ‘नाही’ म्हणालो. घरातलं भाकरी थापणं थांबलं होतं, म्हणजे आत ऐकू जात होतं. मला जे वाटलं ते साधं आहे. मला लाज वाटली, आणि आठ महिने उशीर झाला याचं वाईट वाटलं.

व्याह्यांनी तुकडा उचलला, चिरेत नख घालून पाहिलं. म्हणाले, “आमीन तर कधी काही बोलनूतच नही.” सगळीकडची माणसं असंच म्हणतात. मग ते बाजूला सरकले आणि ओट्यावर हाताने जागा झटकली. “या ना नाना, वर बसा.”

मंगल दारात आली. हातात तांब्या होता. म्हणाली, “नाना, पानी ल्या.”

नाना ओट्यावर चढले, बसले आणि तांब्या वर धरून पाणी प्यायले. मधे श्वास घ्यायलासुद्धा थांबले नाहीत. निम्मा तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या पुढे केला.

“पे रमजान. आन् दखी ले, गळस का नही ते.”

मंगल पदर तोंडाला लावून हसली. व्याहीही हसले. मी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, खालून हात फिरवला, बूड कोरडं होतं. चाळीस वर्षांच्या सवयीने ‘नाही’ हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला.

“माले तरी सापडनी नही, नाना,” मी म्हटलं आणि पाणी प्यायलो.